आंधळगावच्या ऑफिसात लाईट लावताना

मामाजी, तुम्हाला सासरे समजून लिहावं की काम शिकवणारे उस्ताद समजून, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही होता तेव्हाही माझा असाच गोंधळ व्हायचा. तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली, पण परवा आंधळगावला जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना. तुमच्या पोरीला सांगितलं तर ती म्हणेल, "तुमचं नेहमीचंच हाय." माझी शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही जिला पाहिलं नाही ती तुमची नात आता वायरमन आहे. आयटीआय केलं, लायसन काढलं, स्वतःची कामं घेते. तिच्या कामावर मी शिडी धरायला जातो. तिने बोलावलेलं नसतं, मीच जातो. आजकालची फायबरची घडीची शिडी आपल्या पायावर उभी राहते, कुणी धरावी लागत नाही, तरी मी धरतो. ती वर गेली की बूट घातले ना, हातमोजे आहेत ना, असं खालून विचारत राहतो. ती वरूनच म्हणते, "हायेत बाबा. आत्ताच तं विचारलं तुमी."

शिडीखाली उभं राहिलं की तुम्ही आठवता. ते विडी कारखान्याचं ऑफिस आठवतं? आपण ट्यूबलाईट बसवत होतो आणि दुपारी लाईन गेली. आपल्या भागात तेव्हा सगळे तसंच करायचे. लाईन गेली की मेनचा खटका पाडायची तसदी कोण घेतो, तेवढ्यात तारा जोडून मोकळं व्हायचं. मीही चढलो. तुम्ही बाहेर तंबाखू मळत होता. आत येता, माझी पोटरी धरता आणि सरळ खाली ओढता.

"कोनाच्या हुकमानं चढला?"

"लाईन गेली हाय ना, मामाजी."

"गेली? तुले सांगून गेली का? कवा येतो ते सांगून गेली? रुसून माहेरी नाही गेली ते, आनायले जावं लागन म्हनून. ते आपल्या मनानं येते!"

टेबलावरचे बाबू खो खो हसले, कारण तुमची पोरगी त्याच आठवड्यात माझ्याशी भांडून तुमच्याकडे येऊन बसली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही मेन पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले आणि मगच मला वर जाऊ दिलं.

आणि ती अंगठी. लग्नात तुम्हीच माझ्या बोटात घातली. लग्नानंतरच्या पहिल्याच कामावर, हाताची हळदसुद्धा गेली नव्हती, तर म्हणता, "काढ ते."

"तुमीच तं देली."

"सासऱ्यानं देली. उस्ताद काढ म्हन्ते."

तारेला सोनं टेकलं तर बोट जातं, हे तुम्ही नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण तुमची रीतच तशी होती.

आता परवाचं सांगतो. आंधळगावला एका पतसंस्थेच्या ऑफिसात नवीन छत केलं आहे, त्यात चौकोनी एलईडी लाईट बसवायचे होते. मॅनेजर भला माणूस, आल्या आल्या चहा दिला. काम सुरू होतं आणि गावाची लाईन गेली. आतल्या खोलीत इन्व्हर्टर घुंघुं करत होता आणि बाहेर कॉम्प्युटर चालू होते. पोरगी शिडीवर, छताच्या भोकात दोन्ही हात. माझ्या डोक्यात एकच आलं, हिने मेन पाडला पण इन्व्हर्टर विसरली. तुमच्या वेळी इन्व्हर्टर नव्हते, म्हणून सांगतो, बॅटरीवर चालतात ते. मेन बंद असला तरी तारेत करंट येतो. तिला हाक मारायचंही सुचलं नाही. शिडी सोडून मी आत धावलो आणि दिसेल तो खटका दाबला.

सगळे कॉम्प्युटर गेले. काउंटरवरच्या बाई ओरडल्या, "अवं, माही एंट्री चालू होती ना!" पोरगी खाली उतरली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"काहून हात लावला, बाबा?"

"इन्व्हर्टर चालू होता, बाई."

तिने मला बोर्डापाशी नेलं. कॉम्प्युटरची लाईन वेगळी होती, ती तिने पुन्हा चालू केली. लाईटांची तिने आधीच पाडून ठेवली होती, खटक्यावर लाल टेप चिकटवला होता. मग मला वर चढवलं, टेस्टर हातात दिला आणि तार तपासायला लावली. टेस्टर पेटला नाही, तारेत करंट नव्हताच. खाली आलो तेव्हा ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. "मी वर असताना कोनीच बोर्डाले हात नाही लावाचा. आज तुमी बंद केलं. घाबरल्या हातानं चालू झालं असतं तं?"

मामाजी, इतकी वर्षं मी तिच्यासाठी तारेला भ्यालो, इन्व्हर्टरला भ्यालो, शिडीला भ्यालो. माझ्या हाताला भ्यायचं मला कधी सुचलं नाही.

मॅनेजर म्हणाला, "जाऊ द्या, बापाचा जीव हाय." ती पुन्हा वर गेली. थोड्या वेळाने रस्त्यापलीकडची पिठाची चक्की धडधडायला लागली, म्हणजे गावात लाईन आली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती तार पिळत होती. तिने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

उद्या तिला सानगडीला जायचं आहे, तिथेही एका ऑफिसाचं काम आहे. आज जेवताना तिने आपणहून विचारलं, "बाबा, येता का उद्या?" आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. परवाचं मी मनावर घेऊ नये म्हणून विचारलं असणार. मी म्हटलं, "गुडघा दुखून राहिला, बाई. तू जाय." तिने लगेच तेलाची वाटी गरम करून आणली आणि खाली बसून चोळत राहिली. मी चोळू दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझा गुडघा चांगला आहे.