रविवारचे चार अंश

९ जुलै

ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? बबडीला दात आले का? पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

तुझं आरोग्य केंद्र आहे तसंच आहे. तुझ्या खुर्चीवर आता मी बसते, तिचा पाय अजून डुगडुगतो. सोमवारी लसी आणि बाकीचे दिवस घरोघर फिरून तेच पुराण: पाणी उकळा, हात धुवा, बाळाला वेळेवर आणा.

पण शिंप्यांच्या गल्लीत दोन मुलांना गोवर निघालाय. दोघांनाही आपल्याच केंद्रात लस दिलेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

आधी संशय आयांवरच गेला. तूच सांगायचीस, साथ आली की आया खोटं बोलतात का ते बघ. कार्डं मागवली. तारखा बरोबर, सह्या माझ्या. मग वाटलं, झाडूवाल्या मावशी फ्रिजचा प्लग काढून मोबाइल लावत असणार. दोन दिवस दाराआडून पाळत ठेवली. त्या बिचाऱ्या मोबाइल घरीच विसरून येतात.

उरली नवी. नवी म्हणजे मार्चमध्ये आलेली नर्स. बोलणं मोजकं, आणि मला मोजक्या बोलणाऱ्यांची भीतीच वाटते. लसींच्या फ्रिजवरचा तक्ता आठवतो ना, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचा? एक आठवडा केंद्र मी उघडते, एक आठवडा ती. तिच्या आठवड्यांतले सगळे रविवार कोरे होते. माझा एकही कोरा नव्हता. म्हटलं, सापडली. फ्रिज बिघडत असणार आणि ही बया लपवतेय.

"रविवार का सोडलेस?" मी विचारलं.

"रविवारी केंद्र बंद असतं ना, सिस्टर. न बघता काय लिहू?"

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"सांगेन, मी इथे नव्हते म्हणून."

एवढं बोलून तिने माझ्या रविवारांकडे पाहिलं आणि कामाला लागली. मला असा राग आला की दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

काल पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. शिडीवरूनच म्हणाला, "बाई, मे महिन्यात तुमचा फ्रिज कसा काय टिकला? खांब बदलत होतो आम्ही. शनिवारी दुपारी वीज गेली ती सोमवारी पहाटे आली."

तो गेल्यावर तक्ता काढला. त्या रविवारी सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश. अक्षर ओळखायला वेळ लागला असं लिहिणार होते, पण नाही लागला. माझंच आहे.

त्या सोमवारी मी आले तेव्हा वीज परत आलेली होती आणि काटा चारवर होता. नेहमीसारख्या रविवारच्या दोन्ही चौकटी भरून टाकल्या. लस तापली की बाटलीवरचा चौकोन काळवंडतो, हे तुला सांगायला नको. तो मी बघितलाच नाही. तक्त्यावर चार लिहिलेलं होतं ना, मग कशाला बघायचं?

त्या दिवशी गोवराची लस सव्वीस मुलांना टोचली. ती दोघं त्यातलीच. आणि ताई, सहावी बबडी होती. तू दोन तास बसने मुद्दाम माझ्याकडे आणलीस, नातीला मावशीआजीचाच हात लागू दे म्हणून. तू तिला मांडीवर घट्ट धरलं होतंस.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. पुढे काय कारवाई होईल ती होईल. सगळ्यांना पुन्हा लस द्यायची ठरली आहे. नवी आणि मी घरोघर फिरतोय. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणते, "चूक केंद्राची आहे." माझं नाव घेत नाही. एका आईने विचारलं, "मग आता तुमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?" बारा घरं झाली.

बबडीला ताप किंवा पुरळ असेल तर आधी डॉक्टरकडे ने. नसेल तर सोमवारी घेऊन ये. लस नवी देईल, मी खोलीबाहेर थांबेन.

आता जे तीन वेळा लिहून खोडलं, ते लिहिते. रविवारच्या चौकटी सोमवारी भरायला मला तू शिकवलंस. "रिकामी दिसली की चौकशी होते, चार लिहून टाक." डॉक्टरबाईंना मी हे सांगितलेलं नाही. पण तू निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी गोवराची साथ आली होती. तेव्हा तू आयांना फैलावर घेतलंस आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. कुंभाराची धाकटी गेली त्या साथीत. तिच्या आईला तू कार्ड दाखवायला लावलं होतंस, आणि कार्ड बरोबर होतं.

त्या वर्षीचा तक्ता अजून कपाटात आहे. मी उघडलेला नाही. आधी तू सांग.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी