लिफ्टखालची फरशी

किहीम, ५ फेब्रुवारी १९३४
मुंबईच्या एका मोडीत निघालेल्या गॅरेजातून मोटार उचलायची लिफ्ट मिळाली. चार लोखंडी खांब, हाताने फिरवायचा दांडा. आमची सर्व्हिसची, रेवसच्या धक्क्यावर उतारू नेणारी गाडी डोक्याच्या वर जाईल. हरेश्वर, म्हणजे धाकट्या बहिणीचा, केसरचा नवरा आणि आमचा एकुलता एक ड्रायव्हर, यापुढे वाळूत पाठ घासत गाडीखाली शिरणार नाही. मागे जॅक घसरला तेव्हा थोडक्यात वाचला. सगळं त्याच्यासाठीच. आधी काँक्रीटची फरशी. प्लॅन मीच काढणार.

९ फेब्रुवारी
लिफ्टबरोबरच्या कागदात जाडी नऊ इंच. इंग्रज घाबरट. चार पुष्कळ. केसर म्हणाली, "दादा, हितं भाताचं खाचर होतं. आपणच बुजवलंय न्हवं?" बुजवलंय म्हणजेच भक्कम झालंय. तिला समजावलं. समजली असावी, घागर उचलून विहिरीवर गेली.

२४ फेब्रुवारी
फरशी ओतली. वाळू किनाऱ्यावरची. खार काढायला धुवायला हवी होती म्हणे. समुद्र रोज दोनदा धुतो तिला.

६ मार्च
फरशी महिनाभर भिजत ठेवायची असते. पण विहिरीचं पाणी खाली गेलंय आणि पाडव्याला उद्घाटन. गावाला सांगून बसलोय. खांब उद्या बसवणार.
समुद्राकडच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ. काँक्रीट आळताना अशी पडतेच. वर चटई टाकली.

१६ मार्च, पाडवा. सकाळ
हरेश्वर म्हणतो आधी रिकामं फिरवून बघू. पाहुणे दारात, रिकामं काय दाखवायचं? सर्वांचा विश्वास बसावा म्हणून गाडीखाली मी स्वतः उभा राहणार.

संध्याकाळ
गाडी माणूस वाकून उभा राहील इतकी वर गेली. टाळ्या. मग समुद्राकडचा खांब फरशीत शिरला. आवाज फार नव्हता. हरेश्वरने माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. त्याचा उजवा हात फूटबोर्डखाली राहिला.
बैलगाडीने अलिबागला नेलं. वाटेत त्याने मला विचारलं, "लागलं न्हाय ना?"

१९ मार्च
खांबांचं लोखंड हलक्या प्रतीचं होतं. शिवाय पाहुणे सगळे एकाच कोपऱ्यात उभे. फरशीला दोष देता येणार नाही. पुढच्या वेळी पाच इंच.
झोप नाही.

२६ मार्च
सर्व्हिस बंद. गाडी अजून भिंतीला टेकून तिरकी उभी. लोक रेवसच्या धक्क्यावर चालत जातात. मला पाहून बोलणं थांबवतात. सहानुभूती असावी.

४ एप्रिल
नवीन फरशीचा प्लॅन घेऊन केसरकडे गेलो. नऊ इंच, नदीची वाळू, सगळं नीट. हरेश्वर जेवायला बसला होता. बोटं मिटत नाहीत. केसर घास भरवत होती. मला पाहून त्याने घासापासून मान वळवली, डाव्या हाताने मला बसायला पाट पुढे सरकवला.
प्लॅन खिशातच ठेवला.
केसर म्हणाली, "दादा, वाढू?"
भूक नाही म्हणालो. भूक होती.