न जुळलेला फेरा

९ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रविवारी गुहेत होते आणि सोमवार-मंगळवार अंथरुणात. साठी उलटलेल्या बाईने क्लबच्या लोकांबरोबर गुहा मोजत सरपटावं का, हे तू विचारणारच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही; तिथे निदान आकडे विचारतात.

एकजण फीत धरतो, आमचे दातांचे डॉक्टर होकायंत्र वाचतात आणि मी वहीत टिपते. चिंचोळ्या जागी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बॅटरीही मीच धरते. मोठ्या वाटेने आत जायचं, चिंचोळ्या वाटेने फिरून त्याच खुणेपाशी यायचं. नकाशात रेषेची दोन्ही टोकं जुळायला हवीत. आमची नऊ मीटर लांब राहिली. तीन रविवार वाया गेले. मोठी वाट दुसऱ्यांनी तपासली, ती बरोबर आहे. घोळ चिंचोळ्या वाटेत, म्हणजे होकायंत्र वाचण्यातच.

मी सगळ्यांसमोर डॉक्टरांना विचारलं की असल्या डोळ्यांनी ते दात कसे काढतात, बहुतेक शेजारचाच निघत असेल. सगळे हसले, ते सोडून. सेक्रेटरींनी त्यांना यापुढे येऊ नका म्हणून सांगितलं. बरंच झालं. गलथानपणा मी वर्गातही खपवून घेतला नाही.

तू पाठवलेला कंबरेचा पट्टा कपड्यांच्या आतून घालते. पाठीचं दुखणं असलेल्याला क्लब आत सोडत नाही, तेव्हा याची वाच्यता नको.

माया आहेच, ती पत्रातूनही कळव.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या ताईच्या जिभेपुढे दाताच्या डॉक्टरची काय कथा. मला मात्र त्या माणसाचं वाईट वाटलं.

माझं शिवणकाम चालू आहे, मान धरलीय. परवा यांच्या पट्ट्याची शिवण उसवली. तुझ्या पट्ट्याबरोबरच घेतलेला, अगदी तसाच. दुरुस्त करताना टाचण्या सांडल्या, त्या उचलायला लोहचुंबक घेतला तर तो पट्ट्यालाच जाऊन चिकटला. आत फूटपट्टीएवढ्या दोन पोलादी पट्ट्या निघाल्या. होकायंत्राजवळ जाताना तुम्हाला पट्टा काढायला लावतात का गं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सहज विचारते.

पाठीला जप. थोरलेपणाने रागाव, पण लिही.

तुझी बेबी


३ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सहज विचारण्याने माझी झोप उडाली. होकायंत्र घरी आणून टेबलावर ठेवलं आणि पट्टा जवळ नेला. सुई सहा अंश हलली. लांब केला, जागेवर आली. पुन्हा नेला. असं मी अकरा वेळा केलं, जणू बाराव्या वेळी तिला माझी दया येईल.

चार दिवस गप्प बसले, हे तुलाच सांगते. पट्ट्याशिवाय मला सरपटता येत नाही आणि पट्टा कबूल केला तर गुहा बंद. डॉक्टरांना काय, दवाखाना आहे, रविवारी दुसरं काही करतील, अशी मनाची समजूत घातली. मग दाढ ठणकते असं निमित्त काढून त्यांच्याकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. कंपाउंडरने सांगितलं की डॉक्टर आता फक्त तपासतात, दात काढणं बंद केलंय. डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणतात. बेबी, त्यांनी माझं बोलणं खरं मानलं होतं.

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेलं सॉरी मला येता-जाता सुटतं, म्हणूनच ते तिथे वापरवेना. चुकलं माझं, एवढं म्हणायला त्या खुर्चीत बसून बराच वेळ लागला. पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आतल्या पट्ट्या चाचपल्या. मग कंपाउंडरला हाक मारून उद्यापासून दात काढायचे रुग्ण घे म्हणाले. जाताना मला एवढंच विचारलं की दुखतं नेमकं कुठे.

क्लबला मीच लिहून कळवलं. सेक्रेटरींचं उत्तर दोन ओळींचं आलं, नियम तो नियम, यापुढे येऊ नका. डॉक्टरांना मात्र परत बोलावलं; चिंचोळी वाट काल पुन्हा मोजली, त्यांनीच. टोकं जुळली. वही त्यांनी मला आणून दाखवली; अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे, गचाळ आहे, पण आकडे बरोबर आहेत.

थकले गं. सविस्तर मागाहून लिहीन. तोवर माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई