लिंबाची चकती आणि मिर्ताची सोयरीक

ती. एवारिस्तदादांस,

त्रिनितेहून अनिसेचा आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा, आपली होडी आणि आपले झुंजीचे कोंबडे, तिन्ही धडधाकट असोत अशी प्रार्थना. इकडे तुमची बहीण क्लोथिल्द बरी आहे. तुमची भाची मिर्ताही बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीने बरी). माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान इतरांच्या दुकानांसारखं नव्हे, वेळेवर उघडतं.

पत्रास कारण मिर्ताची सोयरीक. मुलगा गाएतां शाळामास्तर आहे आणि त्याचे वडील मोस्ये फिलोजेन तुमच्याच मारी-गालांत बेटावरचे. मुलाकडे मुक्कामाला आले होते, म्हणून मागच्या आठवड्यातल्या रविवारी जेवणाआधी त्यांना ति-पंचला बोलावलं. पांढरी रम, उसाचा पाक, हिरवं लिंबू. बर्फाचं नाव काढायचं नाही. आपली रीत तुम्हाला काय सांगायची? बाटली पाहुण्यापुढे ठेवावी आणि हात मागे घ्यावा. आपला पेला आपणच करावा; ज्याचं मरण त्यानेच कालवावं, म्हणतात ते हेच. ही रीत माझ्याइतकी काटेकोर कुणी पाळत नसेल. मी हात मागे घेतला आणि (मधला वेळ फुकट जाऊ नये म्हणून) इतिहास सांगू लागलो: फ्रान्सात बीटाची साखर निघाली, आपल्या साखरेचा भाव बसला, तेव्हा लोकांनी मळी सोडून थेट ताज्या रसाचीच रम गाळायला घेतली. मी शाळा लवकर सोडली, तरी हे सगळं स्वतः वाचून मिळवलेलं आहे. फिलोजेन म्हणाले, त्यांच्या आजोबांचा जन्म अशाच भट्टीवर गेला. मी म्हटलं, असेल, पण तपशील ऐकून घ्या.

तेवढ्यात त्यांनी सुरी उचलली आणि लिंबाची फोड केली. दादा, फोड! तळलेल्या माशावर पिळायला करतात तशी. लिंबाच्या कडेची चकती काढायची असते, नाण्याएवढी, सालीला जेमतेम गर राहील अशी. ती पेल्यावर चिमटली की सालीचं तेल उतरतं आणि रस थेंबभरच पडतो. फोडीने रमचं सरबत होतं. मी दम धरला. त्यांनी फोड पिळली. तरीही धरला. मग पाक घालायच्या आधीच त्यांनी रम ओतली आणि माझा हात (मी नव्हे, हात) पुढे गेला. पेला त्यांच्याकडून घेऊन मोरीत रिकामा केला, विसळला आणि नवा करून दिला. आधी पाक, मग चकती, ती काडीने घोटून वर रम. उत्तम झाला होता.

फिलोजेननी पेल्याकडे बघितलं, टोपी उचलली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मोस्ये अनिसे, माझं मरण तुम्हीच कालवताय? एवढी कसली घाई आहे?"

आणि निघाले. गाएतां मागोमाग गेला. क्लोथिल्दचं म्हणणं की पाहुण्याची रम मी मोजून ओतली असं दिसलं. (मोजून ओतलीच होती, त्याशिवाय प्रमाण कसं साधणार?) रीत मला मान्यच आहे, पण ती पाळणाऱ्याला लिंबू कापता येतं असं धरूनच पूर्वजांनी घातली असणार. मिर्ता एवढंच म्हणाली, "पप्पा, लग्न माझं आहे की लिंबाचं?" तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही. घर फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

बाकी क्षेम. कोंबड्यांना आशीर्वाद.

आपला,
अनिसे

ता.क. फिलोजेन येत्या रविवारच्या बोटीने परततील. धक्क्यावर सहज भेटल्यासारखं करून त्यांना सांगावं की अनिसे चुकला, पुन्हा एकदा या. मी हात मांडीखाली घेऊन बसेन.

दुसरा ता.क. चकतीच बरोबर, हे मात्र त्यांना सांगू नये. ते लग्नानंतर मी सांगेन.

दादा, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. तू धक्क्यावर जाऊ नकोस. हे दुकानात असताना गुरुवारी फिलोजेन स्वतःच आले, माझ्या स्वयंपाकघरात बसून हवं तसं लिंबू कापलं, दोन पेले घेतले आणि लग्नाची तारीख ठरवून गेले. यांना अजून सांगितलेलं नाही. चार दिवस झाले, स्वतःचं ताट स्वतः उचलतात, कुणाला काही शिकवत नाहीत. तू उत्तर सावकाश पाठव.
— क्लोथिल्द