सातवी बरणी

बोरी अरब,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप विमलताईस धाकट्या शामचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मी बरा आहे, दात सोडून (उरले दोन, तेही एकमेकांशी बोलत नाहीत). पुस्तकांची पेटी पोचली. दर महिन्याला एक विषय, त्यावरची माहितीची पुस्तकं आणि तुझ्या अक्षरातला ‘करून पाहा’चा कागद! सत्त्याहत्तराव्या वर्षी अमरावतीत बसून तू माझ्या ओसरीवरची पोरं शिकवतेस. हे उपकार मी कुठे ठेवू?

यावेळी विषय फुलपाखरू. आधी मी आपल्या शाळेतल्या दोन कविता चालीवर म्हटल्या (छोटी खुशी झोपली), मग पुस्तक वाचलं, मग तुझा कागद: ‘कोणतीही अळी शोधा, बरणीत ठेवा, रोज पाहून लिहा.’ तासाभरात सात मुलं सात बरण्या घेऊन हजर. अळ्या गुलाबी! माझी हयात पोस्टात गेली, मला पराटीतलं, म्हणजे कपाशीतलं, काय कळतं? मी म्हटलं, अळीच एवढी गोड तर फुलपाखरू केवढं देखणं निघेल! आणि रोज बरण्यांसमोर कविता म्हणू लागलो.

पाचव्या दिवशी अपेक्षाला न्यायला तिची आई रुपीबाई आली. (अपेक्षा म्हणजे ती, जी मुंगीला गुडघे असतात का विचारते. खरं सांगतो, पेटी मी तिच्यासाठीच उघडतो.) फळीवरच्या बरण्या पाहून रुपीबाई किंचाळली, “अवं माय! ह्या तं बोंडअळ्या! आमी फवारून फवारून मरून राह्यलो, अन् तुमी गाणे म्हणून पाळून राह्यले?” आणि लेकीला ओढत घेऊन गेली. मी मुलांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? गोपाल म्हणाला, “होतं ना आबाजी. पन तुमी लय खुश होते.”

पुढच्या रविवारी ओसरीवर मी आणि पेटी, दोघंच. ताई, पाढे विसरल्यावर वर्गाबाहेर उभा राहायचो ना, अगदी तसं वाटलं.

तेवढ्यात रुपीबाईच आली, मागे अपेक्षा. “घरी प्रश्न विचारून डोकं खाऊन राह्यली. इथंच खाऊ द्या तुमचं. बरण्या मले द्या.” तिच्या हातात कपाशीचं एक मिटलेलं फूल होतं. याला डोमकळी म्हणतात. मिटलेली कळी लाजते, असं मी जन्मभर समजत आलो. तिनं ती नखानं उकलली. आत अळी बसलेली. मी तुझ्या पेटीतलं भिंग पुढे केलं. ती किती तरी वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “बारा वर्सं मारून राह्यली मी इले. तोंड आज पाह्यलं.”

नंतर तासभर ती सांगत होती आणि अपेक्षा आईचं बोलणं वहीत उतरवत होती. हळूहळू बाकीची मुलंही आली. एवढी माहिती तुझ्या पुस्तकातही नव्हती, आणि एवढी भरलेली ओसरी मी पाहिली नव्हती. हे सगळं तुझ्या पेटीमुळे.

तुझा,
शाम

ता. क. आणखी एक भिंग पाठव. पहिलं रुपीबाई शेतात घेऊन गेली आहे.

ता. क. दुसरा. रुपीबाईनं सहाच बरण्या नेल्या. सातवी माझ्या कपाटात, कवितांच्या वह्यांमागे राहिली. (विसरलो नव्हतो.) आज त्यातून पतंग निघाला. राखाडी, एवढासा. तरी मी त्याला एक कविता म्हणून दाखवलीच. आता हे रुपीबाईला तूच पत्रानं कळव. तू मास्तरीण, तुझं ती ऐकेल. मी सांगितलं तर अपेक्षाचं येणं पुन्हा बंद होईल. काळजी नको, झाकण घट्ट आहे.

ता. क. तिसरा. आत्ताच पाहून आलो. झाकण तेवढं घट्ट नव्हतं. पत्र लवकर लिही.