तुझ्या शर्टांची गोधडी

तीर्थरूप दादा,

रिवाज म्हणून तीर्थरूप लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

मी निवृत्त झाल्यापासून 'ती चिंध्या जोडत बसते' असं तू गावभर सांगत होतास. काल माझ्या गोधड्यांच्या प्रदर्शनात फोटोवाला दिसताच मात्र म्हणालास, "हिला मीच उत्तेजन दिलं." तुला सुईत दोरा ओवता येत नाही.

मग त्या मोठ्या निळ्या गोधडीसमोर थांबलास. "रंग जरा मळकट आहेत, पण आपल्या हॉलमध्ये शोभेल," असं वहिनीला म्हणालास.

दादा, ते तुझेच जुने शर्ट आहेत. तुझं लग्न होईपर्यंत, रोज कामावर जाण्याआधी मी धुतलेले, इस्त्री केलेले. कोपऱ्यातला शाईचा डाग तुझ्या खिशाचा आहे. मधोमध आहे तो पट्ट्यापट्ट्यांचा. तोच घालून तू दारात उभा राहिलास आणि मला मागणी घालायला आलेल्या माणसाला सांगितलंस, "तिला लग्नच करायचं नाही." मी आत तुझा दुसरा शर्ट इस्त्री करत होते.

काल तू एकही ओळखला नाहीस. कधी स्वतः धुतला असतास तर ओळखला असतास.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. गोधडीची एक कड उसवली आहे. आतल्या थरांत पत्र ठेवून पुन्हा शिवते आणि गोधडी उद्या पाठवते. हॉलमध्ये खुशाल टांग. कधीतरी ती धुवायला निघेल, तेव्हा कागद वहिनीच्या हाताला लागेल. तिने जरूर वाचावं.

तुझ्या हाताला लागेल, ही भीती मला नाही.

तुझी,
इस्त्रीवाली