‘ऑनलाइन’ची चिठ्ठी

३ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

तब्येत ठीक आहे, उगाच घोर लावून घेऊ नकोस. शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला ‘ऑनलाइन’ हा शब्द आलाय. इंटरनेटशी जोडलेला, इंटरनेटवरून केलेला, असे अर्थ लिहून झाले. पण आमचे संपादक म्हणतात, अर्थ कुणीही लिहील, माणसं शब्द कसा वापरतात ते आणा. तेव्हा कानावर पडतील ती वाक्यं पाठव, एका चिठ्ठीवर एक.

बाबांना मात्र विचारू नकोस. त्यांचं घड्याळांचं दुकान सोडून मी शब्द निवडत बसले, हा राग सात महिन्यांतही उतरलेला नाही. एकदा नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं गं.

तुझा लोभ आहेच, दोघांचा असावा ही विनंती.

तुझी ठकू

९ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

फोन ह्यांच्याच टेबलावर असतो, म्हणून पत्रच बरं. चिठ्ठ्या सोबत आहेत. शेजारीण म्हणते, चपला ऑनलाइन मागवल्या, दोन्ही डाव्याच निघाल्या. मावशीला डॉक्टर ऑनलाइन तपासतात, म्हणून ती आता मोबाइलकडे तोंड करून खोकते.

तिसरी चिठ्ठी जपून वाच. रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एक माणूस भिंग कपाळावर सरकवतो आणि फोनमध्ये तुझं नाव उघडतो. लिहीत काही नाही. मग आत येऊन मला सांगतो की ऑनलाइन आहे, म्हणजे पोचली खोलीवर. त्यानंतरच जेवायला बसतो. परवा तू दिसली नाहीस तर घास उतरेना. नाव लिहिलेलं नाही. कळलं तर माझी धडगत नाही.

जेवत जा. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

आई

१४ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचून रडले. संध्याकाळी मीही तेच करते, त्यांचं नाव उघडते आणि काही न लिहिता बंद करते.

पण संपादकांनी नेमकी तीच चिठ्ठी परत केली. वाक्य कोण बोललं, त्याचा व्यवसाय काय, आपलं नातं काय, हे असल्याशिवाय आमच्याकडे चिठ्ठी घेत नाहीत. शेजारणीच्या चपला कोशात गेल्या आणि बाबा बाहेर राहिले. त्यांना न विचारता त्यांचं नाव घालणं माझ्याच्याने होणार नाही. काय करू, तूच सांग.

लोभ वाढता ठेव.

ठकू

२० जून

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझी आई तुझं पत्र माझ्या टेबलावर विसरली. बत्तीस वर्षांत ती दुसरं काही विसरल्याचं मला आठवत नाही. असो.

चिठ्ठी नव्याने लिहून पाठवतो आहे. आईकडून चिठ्ठीतलं वाक्य वदवून घेतलं, तर ‘पोचली’च्या आधीचं ‘सुखरूप’ तिने गाळलं होतं. कामात कसूर मला खपत नाही, मग ते घड्याळ असो की शब्द. तुझे संपादक नियमाला पक्के दिसतात, त्यांच्या हाताखाली नीट शिकून घे.

बोलणारा मीच. व्यवसाय घड्याळजी, नातं वडील. ‘हेकट’ लिहायला जागा असेल तर तेही लिही.

राग होता, खोटं कशाला सांगू. तो कधीच गेला, पण आधी कुणी बोलायचं यात दिवस गेले. चूक माझी, मोठा मी होतो. तू ऑनलाइन दिसतेस, पण तेवढ्यावर भागत नाही. रविवारी घरी ये.

बाबा